लेआउटवरचं पाणी: झुआरी, व्हाळ आणि दूधसागर

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर पाणी करायचं म्हटलं की बहुतेक जण थेट रेझिनच्या (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाच्या) बाटल्या आणतात. पण गोव्यातून जाणाऱ्या गाडीच्या खिडकीतून दिसणारं बरंचसं पाणी पारदर्शक नसतंच. झुआरी आणि मांडवी या भरती-ओहोटीच्या नद्या. त्यांचं पाणी गाळाचं, पुलावरून तळ दिसत नाही. खाजनातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतलं, आणि भातशेतातलं पाणी गढूळ. करमळी स्टेशनाजवळचं तळं उथळ आहे, पण पाणवनस्पतींनी भरलेलं. तळ खरोखर दिसतो तो घाटातल्या व्हाळात (ओढ्यात), कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) पाटात आणि झरीच्या कुंडात. रेझिन तिथेच वापरा. बाकी ठिकाणी नीट रंगवलेला पृष्ठभाग आणि वर चकाकीचे चार-पाच हात पुरतात, आणि तेच जास्त खरं दिसतं. खर्चही बराच वाचतो.

कामाला हात घालण्यापूर्वी महिना ठरवा. जुलैमध्ये नदी तांबूस मातकट, दूधसागर पांढराफेक, रुळांकडेचं गवत गर्द हिरवं. जानेवारीत नदी करडी-हिरवट, दूधसागराच्या जागी सुट्या बारीक धारा, माळावर वाळलेलं गवत आणि खाली वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, कोवळी हिरवाई. तांबडी नदी आणि पिवळं गवत एकाच लेआउटवर आलं, की नेमकं काय चुकलंय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण खटकतं नक्की.

दुसरं ठरवायचं ते लाटांचं माप. एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, १ मिमी म्हणजे प्रत्यक्षातले ८.७ सेमी, एन स्केलमध्ये, १:१६० ला, तेच १६ सेमी होतात. ब्रशने सहज उठलेला ३ मिमीचा उंचवटा एचओत २६ सेमीची लाट होते. ती वास्को बंदराच्या बाहेर शोभेल, खाडीत नाही. खाडीसाठी तरंग अर्ध्या मिलिमीटरच्या आतच ठेवा.

झुआरीचं पाणी

पाया म्हणून एमडीएफ नको. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. ५ मिमी जाडीची पीव्हीसी फोमशीट घ्या, बोर्ड रंगवणाऱ्यांकडे सनबोर्ड म्हणून मिळते ती. ती पाणी पीत नाही, कटरने कापली जाते आणि सपाट राहते. खाली १२ मिमी मरीन प्लायची चौकट द्या. शीट चिकटवण्याआधी स्पिरिट लेव्हल लांबीत आणि रुंदीत दोन्हीकडे लावून बघा. जमिनीचा चढ-उतार कुठेही चालतो, पाण्याचा नाही.

पुलाचे खांब आधी बसवा, पाणी नंतर. उलट क्रमाने केलं तर खांबाभोवती बारीक फट राहते आणि पूल पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो. खांबांवर भरतीची खूण हवीच. गोव्याच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे एचओत साधारण २३ मिमी, एनमध्ये १२-१३ मिमी. एवढ्या पट्ट्यात खाली काळपट हिरवा ओला भाग आणि त्यावर कालवांचा खरखरीत करडा-पांढरा थर दाखवा. वरचं काँक्रीट कोरडं, फिकट. कालवांच्या थरासाठी अॅक्रिलिक मीडियममध्ये (रंग नसलेल्या अॅक्रिलिक द्रवात) चिमूटभर टाल्कम पावडर मिसळून जाड ब्रशने टिपके द्या. नदी ओहोटीची दाखवायची असेल तर हा पट्टा पूर्ण दिसेल आणि काठाला चिखलाची रुंद पट्टीही लागेल. भरतीची असेल तर पट्टा जवळजवळ बुडालेला असेल आणि पाणी थेट तिवरांच्या मुळांत शिरलेलं असेल.

शीटला २२० नंबरच्या सँडपेपरने हलके ओरखडे काढून अॅक्रिलिक प्रायमरचा एक हात द्या. तरंगांसाठी साधा एकपदरी टिश्यू पेपर वापरा. शीटवर पाण्याने निम्मं पातळ केलेलं मॅट मीडियम किंवा फेविकॉल मरीन लावा, टिश्यू वर टाका आणि ओल्या ब्रशने प्रवाहाला आडवे ढकलत बारीक सुरकुत्या पाडा. सगळीकडे सारख्या सुरकुत्या नकोत: मध्यावर जरा मोठ्या, काठाजवळ जवळजवळ सपाट, खांबांच्या मागे गोल फिरणाऱ्या. साधं पांढरं फेविकॉल इथे टाळा. दमट हवेत ते ओलावा परत ओढतं आणि वरच्या चकाकीखाली दुधाळ डाग उठतात. टिश्यू पूर्ण वाळायला कोरड्या हवेत एक दिवस, पावसाळ्यात तीन दिवस धरा.

रंग फेविक्रिल किंवा कॅमलचे साधे अॅक्रिलिक चालतात. जुलैच्या झुआरीसाठी बर्न्ट सिएना दोन भाग, यलो ऑकर दोन भाग, रॉ अंबर एक भाग. मध्यावर यात थोडा बर्न्ट अंबर वाढवा, काठाकडे ऑकर आणि किंचित पांढरा. जानेवारीसाठी मध्यावर रॉ अंबर, सॅप ग्रीन आणि काळ्याचा ठिपका, काठाला रॉ अंबर आणि ऑकर. निळा रंग नळीतच राहू द्या. पाण्यात दिसणारा निळा हा आभाळाचा असतो आणि तो वरच्या चकाकीत आपोआप येतो. खाली निळा रंगवला की नदीचा स्विमिंग पूल होतो.

दोन्ही छटा ओल्या असतानाच रुंद मऊ ब्रशने एकमेकांत मिसळवा. शेवटचा हात नेहमी प्रवाहाच्या दिशेने, काठापासून काठापर्यंत नव्हे. आपल्या हवेत अॅक्रिलिक सावकाश वाळतं, इथे त्याचा फायदाच होतो. पंखा मात्र बंद ठेवा, नाहीतर ब्रशच्या रेघा तशाच राहतात. मिसळणीची रेघ चुकून सरळ आली तर पूर्ण वाळू द्या आणि मगच वर दुसरा हात द्या. अर्धवट वाळलेल्या रंगावर ब्रश फिरवला की खालचा थर सोलून निघतो.

आता चकाकी. अॅक्रिलिक ग्लॉस वार्निश किंवा ग्लॉस मीडियमचे चार-पाच पातळ हात, प्रत्येकामध्ये कोरड्या हवेत चार तास, पावसाळ्यात अख्खी रात्र. एकच जाड हात दिला तर वरचा पापुद्रा वाळतो, आत ओल अडकते आणि मध्ये पांढुरकं राहतं. असं झालंच तर खरवडायची घाई करू नका. आठवडाभर कोरड्या खोलीत ठेवल्यावर पुष्कळदा स्वच्छ होतं. लाकडाचं तेलवार्निश वापरायचा मोह होईल. ते कालांतराने पिवळं पडतं, तांबड्या नदीवर ते खपून जाईल, पण धबधब्यावर अजिबात नाही.

शेवटी खांबांच्या प्रवाहाकडच्या बाजूला ग्लॉस जेलची (दाट, चकचकीत मीडियमची) जेमतेम १ मिमीची उचल द्या आणि मागच्या बाजूला व्हीच्या आकाराच्या दोन पुसट रेघा. त्यांवर कोरड्या ब्रशने पांढऱ्याचा अगदी हलका स्पर्श. पाण्यात बार्ज (माल वाहणारी सपाट बोट) असेल तर ती या वेळीच बसवा. भरलेली बार्ज पाण्यात खोल बसते, रिकामी उंच. बुडाकडचा भाग त्याप्रमाणे आधीच सपाट कापून घ्या.

काठावर तिवर लावायचे तर मुळांसाठी काथ्या उत्तम. सुंभातले तंतू सुटे करा, टोकं मीडियममध्ये बुडवून खोडाभोवती कमानीसारखी टेकवा. चिखलातून वर आलेली श्वसनमुळं प्रत्यक्षात २० ते ३० सेमी असतात, म्हणजे एचओत साधारण २ ते ३.५ मिमी. नायलॉन ब्रशचे केस कापून सुईने पाडलेल्या भोकांत रोवले की झालं.

व्हाळ: इथे रेझिन

कुळे स्टेशनाच्या पुढे चढ सुरू झाला की रूळ मोऱ्यांवरून जातात आणि खाली दगडगोट्यांतून व्हाळ वाहतो. हा करताना पहिली अडचण अशी की रेझिन स्वतःच पातळीत येतं; उतारावर ओतलं की सगळं खालच्या टोकाला जमतं. म्हणून व्हाळ पायऱ्यांचा करा. दर ८-१० सेमीला दगडांचा आडवा बांध, त्याच्यामागे सपाट डोह, मग ४-५ मिमीची उतरण, पुन्हा डोह. खरे व्हाळही असेच उतरतात.

तळाला बांधकामाची वाळू चहाच्या गाळणीने आणि पिठाच्या चाळणीने दोन-तीन जाडींत वेगळी करून घ्या. बारीक वाळू वळणाच्या आतल्या बाजूला, जाडी बाहेरच्या बाजूला. प्रवाह गोटे तसेच लावतो. वाळू आधी गोड्या पाण्याने दोनदा धुवा आणि वाळल्यावर तिच्यावरून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा. आपल्याकडच्या वाळूत काळे चुंबकीय कण सापडतात, तेच पुढे रुळावर येऊन इंजिनाच्या मोटरमध्ये घुसतात. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) चुरा वापरायचा असेल तर त्यालाही हीच तपासणी. शिवाय चिरा सच्छिद्र असल्यामुळे ओतल्यानंतर तासन्तास बुडबुडे सोडतो. त्यावर मीडियमचे दोन हात देऊन छिद्रं बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पीओपीचा तळ वरून वाळलेला दिसतो तेव्हा आत अजून ओला असतो. पारदर्शक प्लास्टिकचा तळहाताएवढा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर आणखी थांबा. ओल्या तळावर ओतलेलं रेझिन खालून धुरकट होतं आणि ते सुधारता येत नाही.

थर्माकोलच्या डोंगराजवळ काम असेल तर रेझिन कुठलं आहे ते नीट विचारून घ्या. फायबरच्या होड्या करणारे वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन. त्यातलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं, वास घरभर राहतो आणि वाळताना ते आकसतं. आपल्याला हवं ते दोन भागांचं स्वच्छ इपॉक्सी.

ओतण्यासाठी डिसेंबर ते फेब्रुवारीतली दुपार निवडा. सकाळी दवामुळे हवा दमट असते, अकरानंतर ती उतरते. खोलीत साधं आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ७० टक्क्यांच्या वर असेल तर थांबा, किंवा एसी लावून खोली २५-२७ अंशांवर आणा. दमटपणात इपॉक्सीच्या पृष्ठभागावर तेलकट पांढुरका थर येतो. आलाच तर पूर्ण घट्ट झाल्यावर कोमट पाण्याने आणि साबणाने पुसा, वाळवा, ३२० च्या सँडपेपरने घासा आणि वर पातळ थर द्या. एप्रिल-मेमध्ये दुसरीच अडचण: उष्णतेने मिश्रण कपातच घट्ट व्हायला लागतं. तेव्हा एका वेळी १०० ग्रॅमपेक्षा जास्त मिसळू नका.

किती लागेल त्याचा हिशेब सोपा आहे. ६० सेमी लांब, १५ सेमी रुंद आणि ३ मिमी खोल म्हणजे २७० घनसेमी, वजनात सुमारे ३०० ग्रॅम. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं, पण ते आकारमानाचं की वजनाचं ते वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे आकारमानाचं २:१ हे तराजूवर २:१ येत नाही. या एका गोंधळामुळे कितीतरी व्हाळ कायमचे चिकट राहतात. हार्डनर जास्त घातल्याने लवकर वाळतं हाही गैरसमज; जास्तीचा हार्डनर तसाच ओला राहतो.

हातात नायट्राइलचे मोजे, खिडकी उघडी. सपाट काडीने तीन ते पाच मिनिटं सावकाश ढवळा, कपाच्या कडा आणि तळ खरवडत. मग मिश्रण दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून पुन्हा एक मिनिट. पहिल्या कपाच्या कडेला न मिसळलेलं रेझिन राहतं, आणि तोच कप शेवटच्या थेंबापर्यंत उलटा केला की पाण्यात मऊ डाग पडतात. मेणाचा कागदी कप नको.

रंगासाठी इपॉक्सीचाच रंग किंवा अल्कोहोल इंक घ्या, १०० ग्रॅमला एक थेंब. पाण्याचे अॅक्रिलिक रंग यात घातले तर धुरकट होतं. पहिला थर २-३ मिमी, हिरवट-तपकिरी छटेचा. दुसरा २ मिमी, बिनरंगी. एका वेळी ६ मिमीच्या वर कधीच नाही, कारण मिश्रण घट्ट होताना तापतं, आणि जाड थर पिवळा पडतो नाहीतर तडकतो. दुसरा थर पहिला चिकट असताना, साधारण चार ते सहा तासांनी ओता. तोपर्यंत जमलं नाही तर पूर्ण दिवस थांबून हलकं घासा.

लेआउटच्या कडेशी व्हाळ संपत असेल तिथे ३ मिमी अॅक्रिलिक शीटचा बांध घाला, आतून पॅकिंगची चिकटपट्टी लावा आणि बाहेरून फट सिलिकॉनने बुजवा. पट्टीला इपॉक्सी धरत नाही, नंतर शीट सुटून येते. सुईच्या टोकाएवढं भोकही इपॉक्सी शोधून काढतं, म्हणून प्लायखाली जुनी वर्तमानपत्रं पसरून ठेवा.

बुडबुडे वर आले की हॉट एअर गन हात हलता ठेवून १५ सेमीवरून दोन-तीन सेकंद. ज्योत नको: आसपास थर्माकोल आणि सुकं गवत असतं. मग लगेच पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला. आपल्याकडे धुळीपेक्षा डास आणि पतंग जास्त पडतात, म्हणून खोलीतला दिवाही बंद करा. दुसऱ्या दिवशी दिसेल की काठावर रेझिन २-३ मिमी वर चढलंय. तो चकचकीत काठ मॅट वार्निशने मारून टाका आणि वर बारीक माती भुरभुरा.

पायऱ्यांवरचं वाहतं पाणी ग्लॉस जेलने करा, टूथपिकने ओढत. पांढरा रंग फक्त पाणी जिथे आपटतं तिथे.

दूधसागर

कुळे आणि कॅसलरॉक यांच्यामध्ये, १:३७ च्या चढावर, रूळ धबधब्यासमोरून कमानींच्या पुलावरून जातात. धबधबा सुमारे ३१० मीटर उंच. एचओत तो साडेतीन मीटर होईल, एनमध्येही जवळजवळ दोन. म्हणजे तो दाबावाच लागतो. पुलाला आणि गाडीला हात लावू नका, ती स्केलप्रमाणेच हवीत. कड्याला ७० ते ९० सेमी द्या आणि वर जाल तसं सगळं लहान करत न्या. पुलालगतच्या टप्प्याची रुंदी पूर्ण, सर्वांत वरच्याची निम्मी. झाडं खाली ८-१० सेमीची, माथ्यावर २ सेमीची, आणि हिरवा वर जाताना किंचित निळसर-करडा. नजर ते अंतर म्हणून वाचते.

खडक काळसर करडा, भेगांत शेवाळी हिरवा. पाणी जिथून उतरणार ती पट्टी आधीच फिकट करड्या-पांढऱ्याने कोरड्या ब्रशने रंगवा, म्हणजे धारांच्या फटींतून काळे ठिपके डोकावत नाहीत. दोन्ही बाजूंचे २-३ सेमी खडक ग्लॉस वार्निशने ओले करा.

जुलैच्या धबधब्याला उशीतला पॉलिएस्टरचा कापूस घ्या. खरा कापूस ओल धरतो, त्याला बुरशी येते आणि मीडियम लागताच तो गोळा होतो. पॉलिएस्टरचे तंतू १० ते १२ सेमी लांब ओढून समांतर करा, पॉलिथिनच्या कागदावर ठेवून ग्लॉस मीडियमने भिजवा आणि जुन्या कंगव्याने वरून खाली विंचरा. रात्रभर वाळवून सोलून काढा. अशा पट्ट्या खालून वर लावत जा, म्हणजे वरच्या पट्टीचं टोक खालच्या पट्टीच्या माथ्यावर येईल. प्रत्येक पट्टी फक्त कपारीशी, जेलने चिकटवा. मधला भाग खडकापासून २ ते ४ मिमी सुटा राहू द्या. पाणी कपारीवरून उडी घेतं, भिंतीला चिकटून येत नाही. जोड येतो तिथे पांढऱ्या जेलचा फेस. टिटॅनियम व्हाइट फक्त उठलेल्या तंतूंवर फिरवा आणि निदान चौथा भाग खडक उघडा ठेवा. हे राहिलं तर धबधब्याऐवजी टांगलेली चादर दिसते. कडेच्या धारा बारीक, तुटक.

जानेवारीच्या सुट्या धारांना पारदर्शक सिलिकॉन सीलंट बरा. पॉलिथिनवर ४ मिमीची रेघ काढा, टूथपिकने लांबवत १ मिमीपर्यंत पातळ करा, २४ तासांनी सोला. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतं, त्यामुळे इपॉक्सीला नको असलेली दमट हवा याला मानवते. घट्ट झालेल्या सिलिकॉनवर अॅक्रिलिक रंग बसत नाही, सोलून पडतो. पांढरी छटा हवी तर आधीच १० मिली सिलिकॉनमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा तैलरंग मिसळा. आणि व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन रुळांजवळ नको. त्यातून सुटणारं आम्ल धातूला गंजवतं आणि काही आठवड्यांत रुळांवर हिरवट डाग दिसू लागतात. पुलाजवळ न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या.

तुषारांसाठी पायथ्याच्या झाडांवर आणि पुलाच्या कठड्यावर पांढऱ्याचा कोरडा ब्रश अगदी हलका. कापसाचे ढग लटकवायचं टाळा, ते फोटोतही कापूसच दिसतात.

भातशेत, मिठागर, तळी

भातखाचरात आधी काळपट तपकिरी चिखल, वर ग्लॉसचे दोन हात, मग रोपं. रोपं आधी लावली तर वार्निश पातींवर चढतं. मिठागराच्या वाफ्यांत पाण्याची खोली जेमतेम, म्हणून फिकट करड्यावर एकच हात चकाकी आणि कोपऱ्यांत पांढरी कोरडी साय. खाजनाच्या बांधावर मानस (पाणी अडवण्या-सोडण्याचं दार) दाखवाल तर दाराच्या दोन्ही बाजूंची पाण्याची पातळी वेगळी ठेवा, एचओत १० मिमीचा फरक पुरे. देवळाच्या तळीला पायऱ्या चिऱ्याच्या, पाणी काळपट हिरवं आणि तरंगाशिवाय सपाट.

पावसाळ्यात सांभाळताना

अॅक्रिलिकची चकाकी उष्ण, दमट हवेत किंचित मऊ होते. तिच्यावर प्लास्टिकचं आवरण टाकलं तर ते चिकटतं आणि काढताना ठसे राहतात. लाकडी चौकटीवर सुती कापड ताणून झाका, कापड पाण्याला टेकू देऊ नका. महिन्यातून एकदा मऊ मेकअप ब्रशने धूळ झाडा. बुरशीचे ठिपके दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरू नका, ते अॅक्रिलिक विरघळवतं. साबणाच्या पाण्यात पिळून काढलेल्या कापडाने पुसा, पंख्याखाली वाळवा आणि त्या जागी ग्लॉसचा एक पातळ हात द्या. इपॉक्सीचा व्हाळ खिडकीच्या थेट उन्हात येत असेल तर पडदा लावा, कारण अतिनील किरणांनी पिवळं पडलेलं रेझिन घासून परत स्वच्छ होत नाही.